१० किमी ५० मिनिटांच्या आत: हे १०० सेकंद काढायचे कुठून?

पन्नाशीच्या_आत:

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी पुण्यात १० किमी पळायचं आहे. हातात आठ आठवडे आहेत. सध्याचा पीबी (आजवरची स्वतःची सर्वोत्तम वेळ) ५१:४० आहे आणि ४९:५९ आलं तरी चालेल, पण ५० च्या आत हवं. (वय पन्नाशीच्या आत आहेच, नावावरून गैरसमज नको.)

मागच्या शर्यतीत किलोमीटरच्या पाट्यांवर हाताने लॅप दाबला होता. पहिले ३ किमी सरासरी किमीला ४:५५ ने गेले, मधले ४ साधारण ५:१० ने आणि शेवटचे ३ थेट ५:२५ ने. घड्याळात अंतर १०.१८ किमी आणि सरासरी पेस (किमीमागचा वेळ) ५:०५ दिसतो, निकालात मात्र ५:१०. म्हणजे रूट लांब होता का?

आठवड्यातून चार दिवस पळणं होतं: मंगळ, गुरू, शनि, रवि. एकूण ३० किमीच्या आसपास, आणि जवळपास सगळं एकाच वेगाने, ५:४५ ते ५:५० ने. ट्रॅकवर कधी पळालेलो नाही. काय बदलू? कार्बन प्लेटवाले (तळात कार्बनची ताठ पट्टी असलेले) बूट घ्यावेत का?

---

मोजपट्टी:

आधी रूटचं. रूट लांब असण्याची शक्यता कमी आहे. रीतसर मोजलेल्या शर्यतीचं अंतर सायकलच्या पुढच्या चाकाला जोन्स काउंटर (चाकाचे फेरे मोजणारं छोटं यंत्र) लावून मोजतात. ती सायकल आधी पोलादी टेपने आखलेल्या सरळ पट्ट्यावर चालवून काउंटरचा हिशेब पक्का केलेला असतो. मोजणारा प्रत्येक वळणावर कडेपासून ३० सेंमी अंतर ठेवून सगळ्यात जवळची रेषा पकडतो. शिवाय रूट चुकूनही कमी भरू नये म्हणून अंतरात ०.१ टक्का वाढवतात. म्हणजे १० किमीचा रूट जवळच्या रेषेने १०.०१ किमी असतो.

तुमचं घड्याळ १०.१८ दाखवतं त्यात दोन गोष्टी मिसळल्या आहेत. एक, तुम्ही खरोखर जास्त पळालात: वळणं बाहेरून घेतली, लोकांना ओलांडताना डावी-उजवीकडे गेलात. दोन, जीपीएसची चूक. कर्वे रस्त्यावर मेट्रोच्या पुलाखालून पळालात तर घड्याळ तुम्हाला शेजारच्या सोसायटीत नेऊन आणतं. या दोन्हींची वाटणी घड्याळ पाहून करता येत नाही. पण वळणांचं गणित सोपं आहे: काटकोनातलं वळण आतल्या रेषेऐवजी ३ मीटर बाहेरून घेतलं तर ४.७ मीटर वाढतात, यू-टर्नला ९.४. तुमच्या वेगाने दर १० मीटरला ३ सेकंद जातात. आपल्याकडचे बरेच १० किमी म्हणजे जाऊन-येऊन, दोन-तीन यू-टर्न आणि डझनभर वळणं. तिथे ३०-५० मीटर वाचवले की १० ते १५ सेकंद हातात आले, तेही एक थेंब जास्त घाम न गाळता.

रस्ता डावीकडे वळणार असेल तर १००-१५० मीटर आधीपासून हळूहळू तिरकं डाव्या कडेला यायचं. वळणापाशी पोचल्यावर एकदम आत घुसलात तर कोणाच्या तरी पायात पाय अडकेल. यू-टर्नच्या शंकूपाशी ८-१० मीटर आधी पावलं आखूड करा आणि चार-पाच छोट्या पावलांत वळा. एका पायावर गर्रकन फिरलात तर गुडघा आणि पोटरी दोन्हींवर ताण येतो, आणि पुन्हा वेग पकडायलाही जास्त लागतं.

यावरून शर्यतीत घड्याळ कसं वापरायचं तेही ठरतं. घड्याळात १०.१५ किमी भरणार असं धरून चाला. ५० मिनिटांसाठी घड्याळाच्या सरासरी पेसमध्ये ५:०० नव्हे, ४:५५ दिसायला हवेत. ५:०० वर निर्धास्त राहिलेले लोक ५०:४५ ला पोचतात आणि मग संयोजकांना शिव्या देतात. ऑटो लॅप (घड्याळ दर किमीला आपणहून नोंद करतं ते) बंद करा, पाटीपाशी हाताने लॅप दाबा. क्षणाक्षणाला बदलणारा पेस स्क्रीनवरून काढूनच टाका, एकूण वेळ आणि लॅपची वेळ एवढंच ठेवा.

आणि हो, हे सगळं रीतसर मोजलेल्या शर्यतीला लागू. गल्लीतल्या 'धावा आरोग्यासाठी' मध्ये ९.६ किमी पळून आलेला पीबी हा पीबी नव्हे.

---

लॅपकाका:

मोजपट्टींनी १०-१५ सेकंद दिले. उरले ८५.

त्यातले २०-३० तुम्ही पहिल्या तीन किमीत घालवलेत, असा माझा अंदाज. ५१:४० च्या तब्येतीचा माणूस ४:५५ ने निघाला की पहिल्या दोन-तीन मिनिटांत काहीच कळत नाही. शरीराचा प्राणवायूचा पुरवठा त्या वेगापर्यंत अजून चढलेला नसतो, स्नायू उधारीवर चाललेले असतात आणि उत्साहात ते जाणवत नाही. उधारी ७ व्या किमीला वसूल होते. तुमचे शेवटचे ५:२५ म्हणजे तेच.

राहिले ५५-६५. म्हणजे किमीमागे ६ सेकंद. हे मात्र घाम गाळूनच मिळतात आणि आठ आठवड्यांत मिळण्यासारखे आहेत, कारण तुमचं सध्याचं पळणं सगळं एका रंगाचं आहे. ५:४५ हा वेग तुमच्यासाठी ना हळू ना जलद. पाय थकतात, पण १० किमीच्या वेगाला लागणारी क्षमता वाढत नाही.

चार दिवस पुरेत. ३० वरून ३७-३८ किमीपर्यंत जा, आठवड्याला २-३ किमी वाढवत.

मंगळवार, ट्रॅक. आधी २ किमी हळू आणि ४ स्ट्राइड्स (थोड्या अंतराच्या, हळूहळू वेग वाढवत मारलेल्या धावा), नंतर १.५ किमी हळू. मधलं काम असं:
१ला-२रा आठवडा: १० × ४०० मी, प्रत्येकी १:५६-१:५८, मध्ये ७५ सेकंद चालत-जॉगिंग.
३रा: ६ × ८०० मी, ३:५४-३:५८, मध्ये २ मिनिटं जॉगिंग.
४था: हलका. ५ × ४०० एवढंच, एकूण किलोमीटर पाव ते तीसेक टक्के कमी.
५वा-६वा: ५ × १००० मी, ४:५२-४:५५, मध्ये सव्वादोन मिनिटं.
७वा: ३ × २००० मी, ९:५५, मध्ये ३ मिनिटं. ही खरी परीक्षा.
८वा: ४ × ४०० मी, १:५८. पाय जागे ठेवायला. बास.

गुरुवार, टेम्पो (सलग, जरा कठीण वेगाने पळणं). सुरुवातीला २० मिनिटं, मग १५-१५ ची दोन, शेवटी सलग ३०. वेग ५:१५ ते ५:२०. तुटक तीन-चार शब्द बोलता यावेत पण गप्पा मारता येऊ नयेत. तुमच्या ७ व्या किमीच्या घसरणीवर खरं औषध हेच आहे. आठवड्यात एकच कठीण दिवस जमणार असेल तर इंटरव्हल (मंगळवारचे ट्रॅकवरचे तुकडे) सोडा, टेम्पो सोडू नका.

शनिवार, ६ किमी, ६:३० च्या आसपास. कंटाळवाणं वाटायला हवं. शेवटी ८० मीटरच्या ५ स्ट्राइड्स.

रविवार, १२ किमीपासून १५ पर्यंत, ६:२० ते ६:४५ ने. शर्यतीच्या आधीच्या रविवारी फक्त ९-१०.

ट्रॅक नवीन आहे म्हणून: पहिल्या लेनचा एक फेरा ४०० मीटर, दुसऱ्या लेनचा ४०७, पुढे प्रत्येक लेनला साडेसात मीटरहून थोडे जास्त. चौथ्या लेनमध्ये पळून २:०४ आले तर निराश होऊ नका, तुम्ही ४२२ मीटर पळालात. हळू पळताना मात्र पहिली लेन अडवून ठेवू नका. घड्याळ साध्या स्टॉपवॉचवर ठेवा, ट्रॅकच्या वळणांवर जीपीएस फसतं.

---

टेकडीवाली:

काका, तक्त्याशी सहमत, एका गोष्टीशी नाही. ज्यांनी कधीच ट्रॅक केला नाही त्यांना पहिल्याच आठवड्यात १० × ४०० देऊ नका. पोटऱ्या आणि नडग्या दोन्ही बोलू लागतात. पहिल्या मंगळवारी ६, दुसऱ्या मंगळवारी ८, आणि १० राहिले तरी काही बिघडत नाही. नडगीच्या आतल्या कडेला बोटाने दाबल्यावर लांबवर दुखत असेल तर वेगाचं काम आठवडाभर बंद. एकाच जागी नाण्याएवढ्या ठिकाणी टोचत असेल, आणि विशेषतः एका पायावर उडी मारल्यावर कळ येत असेल, तर पळणंच बंद आणि डॉक्टरांकडे जा. हाडाला बारीक तडा असू शकतो.

आठवड्यातून दोनदा, पळून आल्यावर: पायरीच्या कडेवर एका पायावर टाच वर-खाली, १५ चे ३ सेट. आणखी १५ सरळ गुडघ्याने, १५ गुडघा वाकवून केले तर उत्तम, कारण पोटरीचे दोन स्नायू वेगवेगळे काम करतात.

पुण्यात आहात तर शनिवारचा हलका रन वेताळ टेकडीवर करा. मातीवर पाय कमी आपटतात आणि चढामुळे पेस बघण्यात अर्थच उरत नाही, त्यामुळे आपोआप हळू पळता. मात्र शर्यतीच्या आधीच्या दहा दिवसांत टेकडी नको, सुट्या खडीवर घोटा मुरगळला की सगळं मुसळ केरात.

ऑक्टोबरचा उकाडा आणि दिवाळी हे दोन अडथळे तक्त्यात लिहिलेले नसतात. उकाड्यात १००० मीटरचे आकडे ५-६ सेकंदांनी ढिले पडले तर चालेल, मेहनत तेवढीच झालेली असते. थंडी पडली की आकडे आपोआप जागेवर येतात. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे फटाक्यांचा धूर खाली बसलेला असतो, त्या दिवशी ट्रॅक पुढे ढकला. फराळाबद्दल काही म्हणत नाही. चकली सोडून पीबी येणार असेल तर तो पीबी काय कामाचा.

---

ठाणेकर_पळवाट:

मुंबई-ठाण्यात जानेवारीतल्या शर्यतीसाठी हाच तक्ता चालेल ना? आमच्याकडे हवा दमट.

---

लॅपकाका:

तक्ता चालेल, पुण्यातला शर्यतीचा वेग जसाच्या तसा चालेलच असं नाही. दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. मग रक्त कातडीकडे वळतं, पायांच्या वाट्याला कमी येतं, त्याच वेगाला नाडी चढत जाते. तुमच्याकडे जानेवारीतली पहाट त्यातल्या त्यात बरी, पण सुरुवातीची वेळ जितकी उशिरा तितका धोका जास्त. इलाज एकच: पहिले ३ किमी ठरवल्यापेक्षा ५ सेकंद हळू, डोक्यावर आणि मानेवर पाणी. सुती टी-शर्ट नको, भिजून अंगाला चिकटतो. काखेत, मांड्यांच्या आत आणि छातीवर व्हॅसलीन.

---

पन्नाशीच्या_आत:

सगळ्यांचे मनापासून आभार. सहा करून पुढे जातो, टेकडीवाली ताईंचं ऐकतो.

आणखी काही शंका. शर्यत ६:१५ ला सुटते. सकाळी काय आणि किती वाजता खायचं? जेल (पाकिटातला साखरेचा घट्ट पाक) घ्यावं का? मागच्या वेळी ७ व्या किमीला उजव्या बरगडीखाली चमक भरली होती, तेव्हा काय करायचं? आणि ५० च्या बसबरोबर (ठरलेल्या वेळेत पळणाऱ्या पेसरच्या मागचा घोळका) राहावं का?

---

टेकडीवाली:

जेल नको. ५० मिनिटांच्या पळण्याला यकृतात आणि स्नायूंत साठलेली साखर पुरून उरते. जेलची गरज साधारण दीड तासाच्या पुढे लागते. १० किमीत जेलने काही मिळालं तर ते पोटात ढवळणं.

आदल्या रात्री वरण-भात, बटाट्याची भाजी, असं रोजचंच. मिसळ, राजमा, कच्ची कोशिंबीर टाळा, आतड्यात तंतू जितके कमी तितकं बरं. सकाळी चारच्या सुमाराला ब्रेडचे दोन स्लाइस जॅम लावून, किंवा एक केळं आणि एक राजगिऱ्याचा लाडू. सोबत ३००-४०० मिली पाणी. साडेपाचच्या सुमाराला रोजची सवय असेल तर एक कप कॉफी. सवय नसेल तर आजच सुरू करू नका, स्वच्छतागृहाची रांग आधीच लांब असते. हे सगळं दोन रविवारी लाँग रनच्या आधी करून बघा.

बरगडीखालची चमक: शर्यतीच्या आधीच्या दोन तासांत पोटभर खाल्लं किंवा गोड पेय जास्त प्यायलं की ती भरण्याची शक्यता वाढते. भरली तर थांबू नका. १०० ते १५० मीटर वेग थोडा कमी करा, फुंकर मारल्यासारखा श्वास पूर्ण बाहेर सोडा, दुखऱ्या जागी बोटं आत दाबून जरा पुढे झुका. बहुतेक वेळा जाते.

दुखतंय म्हणून किंवा दुखेल म्हणून आधी वेदनाशामक गोळी मात्र घेऊ नका. जोरात पळताना मूत्रपिंडाला रक्त आधीच कमी जातं, त्यात गोळीची भर नको.

---

लॅपकाका:

बसबद्दल. पेसरला संयोजकांनी कोणती वेळ दिली आहे ते सुरुवातीच्या रांगेत विचारा. तो बंदुकीच्या वेळेला (बंदूक वाजल्यापासून मोजलेल्या) पळत असेल आणि त्याने सुरुवातीची मॅट (चिप वाचणारी पट्टी) बंदुकीनंतर २० सेकंदांनी ओलांडली, तर तो तुम्हाला हव्या त्या वेगापेक्षा जोरात धावतो आहे. शिवाय बसमध्ये वळणाची आतली रेषा मिळत नाही. मी असं सुचवेन: बस १०-१५ मीटर पुढे दिसत राहू दे, ७ किमीनंतर गाठा.

उभं राहताना पुढे घुसू नका, पण चालणाऱ्यांच्या मागेही नको. तुमची वेळ चिपवरून मोजली जाते, मॅटवर पाय पडल्यापासून. तरी पहिल्या ४०० मीटरमध्ये सेल्फीवाल्यांना ओलांडताना वाकडंतिकडं पळावं लागलं तर ते मीटर परत मिळत नाहीत.

वॉर्मअप: सुटण्याच्या ३० मिनिटं आधी १० मिनिटं हळू पळणं, पाय पुढे-मागे झुलवणं, ८० मीटरच्या ४ स्ट्राइड्स, शेवटची सुटण्याच्या ८-१० मिनिटं आधी. त्यानंतर रांगेत जागेवरच उड्या मारत राहा. डिसेंबरच्या पहाटे जुना टी-शर्ट अंगावर ठेवा आणि सुटताना काढा.

हे चार आकडे पेनाने हातावर लिहा:
१ किमी ५:०३
५ किमी २४:५५
८ किमी ३९:४९
१० किमी ४९:४५

म्हणजे पहिला ५:०३, पुढे सगळे ४:५८, आणि चढ किंवा यू-टर्नसाठी १४ सेकंद शिल्लक. पहिल्या पाटीला ४:४५ दिसले तर दुसरा किमी मुद्दाम ५:०५ करा, 'चाललंय तर चालू दे' म्हणू नका. एखादी पाटी २०-३० मीटर इकडेतिकडे लावलेली असते, म्हणून एका लॅपवर घाबरू नका, ५ किमीचा एकूण आकडा खरा धरा. फ्लायओव्हरचा चढ आला तर ८-१० सेकंद जाऊ द्या. उतारावर तेवढे सगळे परत मिळत नाहीत, निम्म्याहून थोडे अधिक मिळतात एवढं धरून चाला.

निर्णयाचा मुद्दा राहिला. सहाव्या आठवड्याच्या शनिवारी एकट्याने ५ किमी पूर्ण जोर लावून पळा, त्या आठवड्याचा टेम्पो रद्द. अंतर दुप्पट झालं की वेळ साधारण २.०८५ पट होते, म्हणजे २४:०० ला ५०:०२ येतात. एकट्याने २४:०५ च्या आत आलात तर शर्यतीच्या गर्दीत आणि थंडीत ५० ला हात घाला. २४:३० आले तर ५०:४५ चं लक्ष्य ठेवा. तोही पीबीच आहे, आणि ५० साठी मरून ५१:५० करण्यापेक्षा बरा.

---

मोजपट्टी:

बुटांचं कोणीच बोललं नाही. कार्बन प्लेटवाल्या बुटांनी फायदा होतो, पण किती ते माणसागणिक बदलतं आणि पोटरीवर व टाचेमागच्या शिरेवर भार वेगळा पडतो. घेतलेत तर ५ × १००० आणि ३ × २००० त्यातच करा. डब्यातून काढून थेट शर्यतीला नको. नाही घेतलेत तरी १०० सेकंदांचा हिशेब वर मांडलाच आहे, त्यात बुटांचा एक सेकंदही धरलेला नाही. सध्याचे बूट ६००-८०० किमी चाललेले असतील तर मात्र त्यांचा फोम बसलेला असतो, दोन महिने आधी बदला. वरच्या शेवटच्या छिद्रातून लेस ओवून टाच आवळा, दुहेरी गाठ मारा, टोकं आत खोचा.

बिबवर (छातीवर लावायच्या नंबरावर) चिप असते. ती दुमडू नका, कंबरेच्या पट्ट्याखाली किंवा जॅकेटखाली झाकू नका, चार पिना लावून छातीवर सपाट ठेवा.

पाणी: डिसेंबरच्या थंडीत १० किमीला दोन घोट पुरतात, तेही ५ किमीनंतर. पहिल्या टेबलापाशी सगळे अचानक थांबतात, म्हणून शेवटचं टेबल पकडा. कागदी पेला वरून चिमटा, म्हणजे नाकात पाणी जाणार नाही.

---

पन्नाशीच्या_आत:

शेवटचा प्रश्न. ८ किमीला ४०:१० झाले असतील तर? सोडून द्यायचं का?

---

लॅपकाका:

४०:१० म्हणजे उरलेले २ किमी ९:४९ मध्ये, ४:५४ ने. पाय जिवंत असतील तर शक्य आहे. पण एकदम झेप घेऊ नका. ८ ते ९ मध्ये फक्त ४:५६, पुढच्या एकेका माणसाला गाठत. शेवटच्या ६०० मीटरला सगळं ओता. ४०:२५ च्या पुढे गेलं असेल तर ५० विसरा आणि ५१:४० मोडायला पळा.

आणि कमानीपाशी थांबू नका. मॅट कधी कमानीच्या थोडी पुढे असते, कधी दोन असतात. दोन्ही ओलांडल्यावर मगच घड्याळाचं बटण दाबा. निकाल चिप देणार आहे, आणि घड्याळात मान घातलेला फिनिशचा फोटो कोणी विकत घेत नाही.